समासातली अक्षरे

शिक्षकाइतके लिहिणारा आणि त्याच्याइतका न वाचला जाणारा दुसरा माणूस असेल असे मला वाटत नाही. तलाठी लिहितो, पण त्याच्या सातबाऱ्यावर भाऊबंदकीतली झाडून सारी माणसे तुटून पडतात. कवी लिहितो, त्याला निदान संपादक तरी वाचतो; साभार परत करण्यापुरता का होईना. शिक्षकाने लिहिलेले मात्र कुणी वाचत नाही, आणि तरीही लिहिण्यावाचून त्याची सुटका नसते. हजेरीपट, वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, खिचडीच्या तांदळाचा हिशेब, मुलांच्या वजन-उंचीचा तक्ता, आणि या साऱ्यावर कळस म्हणजे रोजचे टाचण. चौतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवले. वर्षाला एक धरली तरी टाचणाच्या चौतीस वह्या होतात. त्यांतल्या बहुतेक पानांवर कुणाची ना कुणाची सही आहे. वाचल्याची खूण एकाही पानावर नाही.

ज्यांना टाचण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. उद्या वर्गात काय शिकवायचे ते आज लिहून ठेवायचे, त्याला टाचण म्हणतात. घटक कोणता, उद्दिष्टे कोणती, साहित्य काय, मूल्यमापन कसे, असे त्याचे रकाने असतात. अध्यापक विद्यालयात असताना हर्बार्टची पंचपदी आम्ही आरतीसारखी पाठ केली होती. हेतुकथन कसे करायचे याचा तर आरशासमोर सराव केलेला आठवतो. एक पाऊल पुढे टाकायचे, चेहरा प्रसन्न ठेवायचा आणि म्हणायचे, "मुलांनो, आज आपण गायीविषयी माहिती मिळवू या." समोर बसलेली मुले पहाटे गायीचे शेण काढून आलेली असत. पण टाचणात तसे लिहायला जागा नव्हती.

टाचणावर माझा राग नाही. शिकवण्याआधी चार ओळी मनाशी जुळवाव्यात यात वाईट ते काय? पण एक गोष्ट मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटत आली आहे. उद्या काय होणार हे लिहायला टाचणात सात रकाने, आणि आज काय झाले हे लिहायला एकही नाही. पाठ संपतो, घंटा होते, मुले धूळ उडवत बाहेर पडतात, आणि शिक्षक एकटा फळा पुसत उभा असतो. एखादे मूल भलतेच उत्तर देऊन गेलेले असते आणि ते उत्तर डोक्यातून जात नाही. शिक्षकाजवळ सांगण्यासारखे काही असते ते त्या वेळी. नेमकी त्याच वेळी वही मिटलेली असते. ते उत्तर मग बसमध्ये, किंवा घरी भाकरी थापताना, हळूहळू विसरले जाते. दुसऱ्या वर्षी दुसरे मूल तेच उत्तर देते आणि आपण पुन्हा पहिल्याइतकेच चकित होतो!

मी शिकवत होते ते गाव बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरावरचे. पाऊस बेताचा आणि जमीन त्याहून बेताची. दसरा झाला की गावात मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात. त्या कोयत्याची उचल आधीच घेतलेली असते आणि बहुधा ती खर्चूनही झालेली असते. दिवाळीच्या पुढेमागे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या भरतात. पत्र्याची पेटी, भांडी, कोंबड्या, म्हातारी चालण्यासारखी असली तर म्हातारी, आणि मुले. सारा संसार पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतो. माझ्या वर्गातली तीस मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर तेरा-चौदावर येत. हजेरीपटावर नावे तशीच, आणि नावांपुढे गैरहजेरीची रांग. ती मुले तिकडे काय करतात, त्यांतली कारखान्यावरच्या साखरशाळेत किती जातात, तिथे कोण शिकवते, काय शिकवते, यातले काहीही इकडे कळत नसे. एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की मुले परत येत. काळवंडलेली आणि सहा महिन्यांनी थोराड झालेली. मग आम्ही त्यांना पुन्हा पहिल्या पानापासून शिकवायला घेत असू.

२००४ सालच्या एप्रिलात अशीच एक दुसरीतली मुलगी परत आली आणि तिने परकराच्या कनवटीला लावलेली एक घडी माझ्या हातात ठेवली. वहीचे फाडलेले अर्धे पान होते. साखरशाळेतल्या गुरुजींनी लिहिले होते: "बाईंना नमस्कार. ही मुलगी तोंडी हिशेब बिनचूक करते. लिहिताना पस्तीसचे त्रेपन्न करते. तुमच्याकडे ती काय करीत होती?"

खाली सही नव्हती, फक्त कारखान्याच्या गावाचे नाव होते. मी ते पान दोनतीनदा वाचले. इतक्या वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले होते. पट किती, उपस्थिती किती, टाचण पूर्ण आहे काय, प्रशिक्षणाला का आला नाहीत. एखादे मूल माझ्यापाशी काय करीत होते, हे मला प्रथमच कुणीतरी विचारले होते. तोही तिच्यासाठी माझ्याइतकाच डोके खाजवणारा माणूस होता.

उत्तर पाठवायला पत्ता नव्हता. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावे लागणार होते. म्हणून मी दोनशे पानांची एक वही घेतली आणि जूनपासून त्या गुरुजींना उद्देशून लिहू लागले. रोज नाही, जेव्हा सांगण्यासारखे काही घडे तेव्हा. डाव्या पानावर मी, उजवे पान त्यांच्यासाठी कोरे, आणि दोन्ही पानांवर चार बोटांचा समास. नोव्हेंबरात ती वही त्या मुलीच्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या झंपराखाली, गावाबाहेर पडली.

इथे थोडे गणितात शिरावे लागेल. आपल्या मराठीत संख्येचे नाव उलटे चालते. पस्तीस म्हणताना पाच आधी येतो, तीस मागून. लिहिताना मात्र तीन आधी, पाच नंतर. त्रेपन्नात तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. कानडीत किंवा तेलुगूत हा घोळ नाही, तिथे दशक आधी बोलतात. आपल्याकडे त्यात आणखी 'एकोण'ची भर. एकोणसाठ ऐकले की कानाला साठ लागतो, आणि लिहायचे असतात पन्नास नि नऊ. एकोणसाठ म्हटल्यावर मुले ६९ लिहितात ते बेफिकिरीने लिहीत नाहीत, ऐकलेल्या शब्दाशी इमान राखून लिहितात. आणि एवढे सारे करून शंभराच्या अलीकडे आलो की एकोणशंभर म्हणायचे नाही, नव्याण्णव म्हणायचे! ज्याने ही नावे ठेवली त्याला लहान मुले नसावीत.

मी वहीत त्या मुलीविषयी लिहिले होते की ती पस्तीसचे कधी ५३ करते, कधी बरोबर ३५ लिहिते, आणि कोणत्या दिवशी काय करील याचा नेम नाही. वही एप्रिलात परत आली तेव्हा त्या ओळीसमोर समासात, शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात गुरुजींनी विचारले होते: "बरोबर लिहिते तेव्हा कोणता आकडा आधी लिहिते?"

हे मी कधी पाहिलेच नव्हते. कोण पाहते? आपण वहीतला आकडा पाहतो, तो लिहिणारा हात पाहत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी खाली बसले आणि एकेक संख्या सांगत गेले. पस्तीस म्हटले की ती आधी पाच लिहीत होती. कधी त्या पाचाच्या डाव्या अंगाला जागा सोडून. मग मागे येऊन तिथे तीन लिही, आणि उत्तर बरोबर येई. कधी जागा सोडायची राहून जाई. मग तीन उजवीकडे पडत, आणि ५३ होत. म्हणजे तिला संख्या कळत होती, स्थानही कळत होते. कानावर पडले त्या क्रमाने हात चालत होता, एवढेच. 'डावीकडून लिही' असे तिला दहादा सांगून काही झाले नसते. 'आधी दशकाची जागा राख' असे एकदा सांगितले आणि आठवडाभरात तो घोटाळा मिटला.

एखाद्याला वाटेल, एवढ्यासाठी दोनशे पानांची वही आणि वर्षभराची वाट? पण त्या मुलीच्या घरी ही गोष्ट एवढीशी नव्हती. आदल्या वर्षीच तिची आजी मला म्हणाली होती, "बाई, हिच्या डोस्क्यात काय उतरत न्हाई. आता कोपीवर धाकटं सांभाळंल, तिचं नाव काढून टाका." शाळा सुटायला उसाच्या फडात एवढे कारण पुरते. पोरगी हुशार असली तरी तिला थांबवायला दहा कारणे असतात; ती मठ्ठ आहे असे एकदा ठरले की अकरावे कारण लागत नाही.

गुरुजींनी त्यांच्या पानावर आणखी एक गोष्ट लिहिली होती. ती मुलगी फडात आईच्या मागे मोळ्या मोजायची. दहा मोळ्या झाल्या की पाचटाची एक काडी बाजूला ठेवायची, आणि संध्याकाळी सांगायची, "तीन काड्या आणि पाच." पस्तीस हा शब्द ती घेतच नव्हती. दशक म्हणजे काय हे शिकवायला आम्ही काड्यांचे गठ्ठे बांधून वर्गात आणतो आणि टाचणात 'शैक्षणिक साहित्य' म्हणून त्याची नोंद करतो. ती ते साहित्य उसाच्या फडात स्वतः शोधून बसली होती. जूनमध्ये मी साऱ्या वर्गाला तिच्या पद्धतीने मोजायला लावले. शिकवायला तीच उभी राहिली.

पुढे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी नावे आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना मराठी बुडवल्याचा दोष देण्यापर्यंत मजल गेली, विधिमंडळात कोट्या झाल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहिले. मी तेव्हा निवृत्त झाले होते. ती नावे यावीत की नाही याविषयी माझे मत थोडे इकडे, थोडे तिकडे आहे. पंचवीस-पस्तीसची गोडी मलाही सोडवत नाही. पण त्या साऱ्या वादात दुसरीच्या वर्गात मुलाचा हात प्रत्यक्षात कसा चालतो हे सांगणारा आवाज मला फारसा ऐकू आला नाही, याचे वाईट वाटले. हजारो शिक्षकांनी ते रोज पाहिले असणार. पाहिलेले लिहून ठेवण्याची आणि दुसऱ्याला दाखवण्याची रीत आपल्याकडे नाही. त्यामुळे वाद झाला तो ज्यांना आपली दुसरी आठवत होती अशा मोठ्या माणसांत झाला.

रीत अगदीच नव्हती असेही म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे शिक्षकांसाठी 'शालापत्रक' निघत होते. १८७४ साली 'निबंधमाला' काढण्याआधी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची लेखणी त्यातच चालत होती. पण तिथे विद्वानांनी शिक्षकांसाठी लिहायचे, असाच बहुतेक मामला. शिक्षकाने शिक्षकासाठी लिहिलेले म्हणून मला कुणी एक पुस्तक मागितले तर मी गिजुभाई बधेकांचे 'दिवास्वप्न' देईन. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातल्या त्या माणसाने चौथीचा एक वर्ग घेऊन वर्षभर काय काय केले याची गोष्ट एका शिक्षकाच्या तोंडून सांगितली आहे. पुस्तक गोड आहे. माझी तक्रार इतकीच, की त्यातल्या शिक्षकाला शेवटी सारेच साधते. मला वाचायला आवडतील ती पाने ज्यांत मंगळवारी जमले आणि बुधवारी पुन्हा बिघडले, अशी.

गुरुजींनी आणि मी जे चालवले होते ते कुणीतरी आधी, आणि आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या हिमतीने केले होते, हे मला निवृत्तीनंतर कळले. एका ग्रंथालयात सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाविषयी वाचले. हा १८९६ साली दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागात जन्मलेला खेड्यातला माणूस. पहिल्या महायुद्धात छातीला जखम होऊन फुप्फुस निकामी झालेले. १९२० साली बार-स्यूर-लू नावाच्या लहानशा गावी मास्तर म्हणून रुजू झाला, आणि पाहतो तो, तासभर बोलले की दम लागतो. आता मास्तराला बोलता येत नाही तर त्याने करावे काय? फ्रेने मुलांना बाहेर हिंडवून आणी, आणि त्यांनी पाहिलेले त्यांच्याकडूनच लिहवून घेई. त्याच्या वर्गातल्या गोगलगायींच्या शर्यतीची गोष्ट त्याच्या चाहत्यांत प्रसिद्ध आहे. १९२४ साली त्याने एक हातछपाईचे लहान यंत्र मिळवले. मुले एकेक खिळा जुळवून आपलाच मजकूर छापू लागली. पाठ्यपुस्तकाच्या जागी त्या छापील पानांची 'जीवनाची पुस्तके' तयार झाली.

पण मजकूर छापला तरी वाचणार कोण? गावातल्या लोकांना ते सारे ठाऊकच होते. १९२६ साली फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या समुद्रकाठच्या त्रेगँक गावी शिकवणारा रने दानिएल हा शिक्षक त्याला जोडीदार म्हणून मिळाला. डोंगरातल्या मुलांची पाने समुद्राकडे, समुद्राकडच्या मुलांची डोंगराकडे. आपल्या अंगणात रोज दिसणारी गोष्ट, ती कधीच न पाहिलेल्या मुलाला समजेल अशी लिहायची, म्हणजे ती आधी आपण नीट पाहावी लागते. मुले पाहू लागली. आणि त्यांच्या मागोमाग दोन्ही मास्तरांचीही पत्रे जाऊ लागली. काय जमले, काय फसले, खिळे कुठले बरे. या पत्रांतून पुढे शिक्षकांची एक मोठी सहकारी चळवळ उभी राहिली. फ्रेनेला गावच्या बड्या मंडळींनी आणि सरकारी खात्याने काही कमी त्रास दिला नाही. शेवटी १९३५ साली त्याने व्हाँस येथे स्वतःची शाळा काढली. १९६६ साली तो वारला.

हे वाचताना मला सारखी आमची वही आठवत होती. कारण तिसऱ्या वर्षापासून तिच्यात मुलेही लिहू लागली होती. हे आम्ही दोघांनी ठरवून केले नव्हते. पेटीतून वही नेणाऱ्या मुलांनी ती वाटेत उघडून वाचली आणि त्यांना वाटले, आपल्याविषयीच सारे चालले आहे तर आपणही चार ओळी लिहाव्यात! एका मुलाने कोयत्याला कानशीने धार कशी लावतात ते लिहिले. धार लागली की नाही हे नखावर कसे पाहायचे, तेही त्यात होते. एकाने कोपीत रात्री पाऊस आल्यावर कुणाला कुठे झोपवले त्याचा नकाशाच काढला होता. गावात आजीआजोबांपाशी राहिलेली मुले ती पाने एप्रिलात तुटून पडून वाचत. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण त्यांत असे. मग त्यांनी उलट लिहायला घेतले: विहिरीला पाणी किती उरले, कुणाची शेळी व्याली, आजीचा खोकला कसा आहे. 'माझे गाव' या विषयावर त्याच मुलांकडून मी दहा ओळींचा निबंध लिहवून घेत असे तेव्हा सर्वांच्या वहीत 'माझे गाव फार सुंदर आहे' हेच वाक्य पहिले असायचे. आमच्या गावात सुंदर म्हणावे असे फारसे काही नव्हते. वहीत कुणी तसे लिहिले नाही. तिथे वाचणाऱ्याला खरे काय ते हवे होते.

या वहीची हकीकत कार्यालयापर्यंत पोचायची ती पोचलीच. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ती टेबलावर पाहिली, चाळली आणि विचारले, "हे कोणत्या परिपत्रकानुसार?" मी म्हटले, "परिपत्रक नाही साहेब, एका गुरुजींचा प्रश्न आला होता." माणूस वाईट नव्हता. त्याने शेरेबुकात 'उपक्रम स्तुत्य' असे लिहिले आणि तिथेच घात झाला. दोनतीन महिन्यांत आमच्या भागात सर्व शाळांनी 'अनुभव वही' ठेवावी, दर शनिवारी एक अनुभव लिहावा आणि महिनाअखेर ती तपासून घ्यावी, असा निरोप फिरला. त्याबरोबर नमुन्याचे रकानेही आले. सहा महिन्यांत गोळा झालेल्या साऱ्या वह्यांत एकच अनुभव होता: मुलांनी आनंदाने सहभाग घेतला. कुणाला दोष द्यायचा? ज्याची सही हवी त्याच्यासाठी माणूस एक लिहितो, आणि ज्याचे उत्तर हवे त्याच्यासाठी दुसरे. आता त्या वह्या गेल्या आणि मोबाईलवरून छायाचित्रे पाठवायची पद्धत आली आहे. वर्ग हसतमुख दिसला पाहिजे. मी माझ्याहून तरुण शिक्षकांना मुलांना सांगताना ऐकले आहे, "जरा वर बघा, फोटो जायचाय." त्यांची मला कीव येते, कारण त्यांच्यापाशीही सांगण्यासारखे पुष्कळ असते.

आमची वही सहा हंगाम चालली. शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली अमलात आला. त्याच सुमारास ती साखरशाळा बंद झाली आणि मुलांनी जवळच्या नेहमीच्या शाळेत जावे असे ठरले. गुरुजी मानधनावर होते, त्यांचे काम सुटले. मला ते एकदाच भेटले, कोल्हापुरात, एका शिबिराच्या जेवणाच्या रांगेत. कुणीतरी ओळख करून दिली. सहा वर्षे आम्ही एकमेकांच्या वर्गात समासातून डोकावत होतो, आणि प्रत्यक्ष समोर आलो तर बोलायला शब्द सुचेनात. "वरण बरे आहे," ते म्हणाले. मी म्हटले, "हो, मीठ जरा कमी आहे." निघताना मात्र ते मागे वळून म्हणाले, "बाई, ती एकोणसाठवाली पोरे. त्यांचे तुम्ही शेवटी काय केलेत?" आम्ही मग एसटी येईपर्यंत अर्धा तास उभे राहून तेवढेच बोललो.

ती मुलगी दहावीपर्यंत शिकली. पुढे शिकली असती तर या लेखाला शोभा आली असती, पण तिचे लग्न झाले आणि आता तिचाही कोयता आहे. दोन वर्षांपूर्वी बीडच्या बसस्थानकावर तिने मला हाक मारली. टोळीत बारा कोयते आहेत, म्हणाली. कुणी किती उचल घेतली आणि किती टन तोडले हे मुकादम लिहितो, आणि ती आपल्या वहीत वेगळे लिहून ठेवते. हंगाम संपला की साऱ्या टोळीचे लोक तिच्या वहीशी मुकादमाची वही ताडून पाहतात. "मागल्या साली एकाच्या नावावर त्रेपन्न हजारांची उचल मांडली होती बाई. घेतली होती पस्तीसची." ती हे हसत सांगत होती. मला हसू आले नाही. अठरा हजार म्हणजे किती मोळ्या, याचा मी मनात हिशेब करू लागले आणि मला तो जमेना.

आमच्या गल्लीत अलीकडे एक तरुण शिक्षिका राहायला आली आहे. तीही डोंगरावरच्याच एका शाळेत जाते. शनिवारी संध्याकाळी तिची वही माझ्याकडे येते आणि सोमवारी सकाळी परत जाते. तिच्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा आहे. जूनपासून तो शाळेत एक शब्द बोललेला नाही. घरी बोलतो म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिले आहे: "आज त्याने खडू मागितला." मी समासात विचारले आहे: "कोणत्या शब्दांत? आणि कुणाकडे, तुमच्याकडे की शेजारच्या मुलाकडे?" दिवाळी झाली की त्याचे आईबाप कारखान्याला निघतील. तो त्यांच्याबरोबर जाणार की गावातल्या हंगामी वसतिगृहात राहणार, हे अजून ठरलेले नाही. तिने त्याची सारी पाने एका वेगळ्या वहीत उतरवून काढली आहेत. गेलाच तर त्याच्या पेटीत घालायची म्हणून.